मदत साहित्याच्या खोलीचं कुलूप

इतक्या वर्षांच्या नोकरीत राग गिळायची सवय झाली, पण हे एक प्रकरण आठवलं की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, आता निवृत्त झालात, सोडा. सोडवत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतो. नावं कुणाचीच देत नाही, गावाचंही नाही. पण एका माणसाने हे वाचून स्वतःला ओळखावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढे बरंच आत, एका उपपोलीस स्टेशनचा मी ठाणेदार होतो. पावसाळ्यात तिथे एक गोष्ट ठरलेली. नदी फुगली की नाले उलटे भरतात, रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जातं आणि आमचा भाग जगापासून तुटतो. सखल भागातल्या टोल्यांवरची, म्हणजे छोट्या वस्त्यांवरची माणसं कोंबड्या, बकऱ्या, गाठोडी घेऊन टेकाडावरच्या आश्रमशाळेत येतात आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच राहतात. सरकारी कागदावर त्याला तात्पुरतं निवारा केंद्र म्हणतात. कागदावर तिथे एक नोडल अधिकारीही असतो. तो रपट्याच्या पलीकडे असतो.

प्रत्यक्षात ते केंद्र चालवायची गावातली एक बाई. तिला मी इथे नुसतं बाई म्हणतो. शिलाई मशीन चालवणारी, चाळिशीची, गोंड समाजातली. तिच्यासोबत बचत गटातल्या चार बायका. यांना कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, मानधन नव्हतं. आभाळ दाटून आलं की ही बाई आधी जळाऊ लाकडं शाळेच्या पडवीत रचून घ्यायची, कारण ओल्या लाकडावर शंभर माणसांचं रांधता येत नाही. म्हातारी माणसं भिंतीकडे, लेकरंवाल्या बायका मधे, दारूडे दाराजवळ, अशी तिची व्यवस्था. आमच्या मेसचा मोठा गंज, म्हणजे शंभर माणसांचं पातेलं, ती हक्काने मागून न्यायची आणि घासून परत द्यायची. माझे शिपाई तिला घाबरून असत. 

त्या वर्षी पाणी लवकर चढलं आणि लवकर उतरलंच नाही. टॉवर बंद, वीज नाही. आमचा बंदोबस्त नाल्यावर, कारण वाहून येणारी लाकडं धरायला लोक पुरात उतरतात. त्यामुळे शाळेकडे माझं जाणं झालं ते दिवसातून एखाद्या चकरेपुरतं. बाई दिसायची, जोहार करायची, कामाला लागायची. 

पाणी उतरायला लागलं तसा आमचा पानठेलेवाला आला. ठाण्याला बातम्या पुरवणारा हाच. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता बोलायची त्याला सवय, हात रिकामे असले की त्याला सुचत नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "साहेब, एक गोष्ट सांगू काय? शाळेतलं रेशन मागच्या बाजूनं जाऊन राह्यलं म्हणते. ते बाई फडक्यात काही काही बांधून मागच्या खोलीकडं जाते. लोकाइनं पाह्यलं."

"कुणी पाहिलं?"

"सगळ्याइनंच पाह्यलं नं साहेब. आन खोलीचं कुलूप तुटून हाय."

रस्ता सुरू झाला त्याच दिवशी पांढऱ्या गाडीतून फिर्यादी हजर. हे गृहस्थ तालुक्याच्या गावचे, एका सेवाभावी मंडळाचे अध्यक्ष. पूर, वणवा, साथ, काहीही येवो, यांचा बॅनर आधी येतो. मंडळाच्या नावाचं जाकीट घालूनच फिरायचे. त्यांनी फिर्याद दिली ती अशी: पावसाच्या आधी मंडळाने आश्रमशाळेतल्या मागच्या खोलीत पूरग्रस्तांसाठी तांदळाची पोती, ताडपत्र्या आणि ब्लँकेटं ठेवली, खोलीला मंडळाचं कुलूप लावलं, आणि पुराचा फायदा घेऊन सदर बाईने साथीदारांच्या मदतीने ते कुलूप तोडून सर्व माल लंपास केला.

गुन्हा दाखल झाला. कुलूप तर तुटलेलं होतंच, डोळ्यांना दिसत होतं. दारावर 'मदत साहित्य' असा बॅनर फडफडत होता. आत खोली रिकामी. मोडका बाक, कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि राख. पंचनामा झाला. जबाब घ्यायला बसलो तर शाळेत राहिलेल्या प्रत्येकाचा जबाब सारखाच. बाई सुरुवातीला चुलीपाशीच असायची, मग अचानक तिने रांधणं सोडलं. चुलीकडे फिरकेना. लाकडं फोडायची, गुरांकडे बघायची, आणि फडक्यात झाकून काहीतरी घेऊन मागच्या खोलीकडे जायची. कुणाला जवळ येऊ द्यायची नाही.

चोरीचा तपास शिकणाऱ्या पोरालाही याचा अर्थ एकच लागेल. मलाही तोच लागला.

बाईला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. बाई खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली. 

"कुलूप कुणी तोडलं?"

"मीच तोडलं साहेब. सब्बल घेऊन."

"आतली पोती कुठे गेली?"

"पोते नव्हतेच."

"मग कुलूप तोडलंत कशाला?"

गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. आवाज चढवून विचारलं, तरी गप्प. माणूस खोटं बोलायला लागला की बोलत सुटतो, हा माझा अनुभव. जास्तीचे तपशील देतो, नको ते सांगतो, देवाच्या शपथा घेतो. ही बाई अर्धी गोष्ट सरळ कबूल करत होती आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीवर तोंड शिवून बसली होती. 

"बाई, तुमच्या लक्षात येतंय का? तुम्हाला अटक होईल. चंद्रपूरच्या जेलात जाल. घरी कोण आहे?"

"लेक हाय. बारावीत." एवढं सांगून तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "साहेब, मी चोरी नाई केली. पण काऊन तोडलं ते मी नाई सांगत. माह्या तोंडून नाई निघत ते."

तिकडे वरून फोन सुरू झाले. अध्यक्ष महाशयांचे हात लांबवर पोचलेले होते. वरिष्ठ म्हणाले, "आरोपीने कुलूप तोडल्याचं कबूल केलंय, लोकांनी पाहिलंय, आणखी काय पाहिजे तुम्हाला? अटक दाखवा आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, माल मिळालेला नाही. ते म्हणाले, "माल त्यांनी खाल्ला असेल हो. तांदूळच तो." असं ते हसत हसत म्हणाले. पुरात आठवडाभर पेज पिऊन राहिलेल्या माणसांबद्दल हसत हसत.

तपासाला वळण दिलं ते त्या महिला शिपाई पोरीने. ती एटापल्लीकडची, माडिया घरातली. जबाबांची फाइल शिवता शिवता थांबली आणि म्हणाली, "साहेब, एक विचारू? हे बाई चुलीपाशी जायचं काऊन सोडलं असंल?"

"माल काढण्यात गुंतली होती म्हणून."

"नाई साहेब. लाकडं फोडाले वेळ होता, गुरं पाहाले वेळ होता. फक्त चूल नाई शिवली. गंज नाई शिवला. आन खोलीत दुसरी चूल हाय." मग मान खाली घालून म्हणाली, "मले वाटते त्या खोलीत कुर्म्याच्या बाया होत्या."

मी फाइल मिटली.

वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागातल्या अनेक माडिया-गोंड गावांत पाळी आलेली बाई घरात राहत नाही. गावाच्या कडेला एक ठेंगणी झोपडी असते, कुर्माघर, तिथे राहते. ओली बाळंतीणही कुठे कुठे तिथेच असते. तिची चूल वेगळी, भांडं वेगळं. तिने शिवलेलं धान्य घरच्यांनी खायचं नाही, आणि तिला शिवलेल्या बाईने त्या दिवसांत गावाचं रांधायचं नाही. ही चाल मला पटत नाही. त्या झोपड्यांत साप चावून गेलेल्या बायकांचे पंचनामे मी स्वतः केलेत, त्यामुळे माझ्यापुढे कुणी तिचं कौतुक करू नये. पण माणसं कशी वागतात हे कळल्याशिवाय तपास होत नाही, आणि हे असं वागतात.

पोरीला मी साध्या कपड्यांत पाठवलं. पुराने धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, वाहून गेले होते, उरल्यासुरल्या रोपांवर पुन्हा रोवणा सुरू होता. ती बांधावर चप्पल काढून सरळ चिखलात उतरली आणि गावातल्या बायकांच्या ओळीत रोवायला लागली. संध्याकाळच्या आत परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि डोळे लाल.

झालं होतं ते असं. पुरात कुर्माघर बुडालं. आतल्या तीन बायका आणि एक बाळंतीण, कुशीत तान्हं लेकरू, टेकाडावर आल्या. पण शाळेत शिरल्या नाहीत. आत सगळं गाव, आत चूल. त्या चौघी शाळेच्या मुतारीच्या टिनाखाली पावसात बसून राहिल्या. कुणी त्यांना बाहेर बसवलं नव्हतं आणि कुणी आतही बोलावलं नव्हतं. गावाला सगळं दिसत होतं, गाव बघत नव्हतं. बाईने बाळाच्या अंगाला हात लावला, ते गार पडत होतं. मागच्या खोलीला वेगळं दार होतं, आणि त्या दारावर अध्यक्षांचं कुलूप.

आता बारकाईने वाचा. बाईलाही वाटत होतं की आत तांदूळ आहे. बॅनरच तसा होता. म्हणून तिने त्या बायकांना सांगितलं, मी आधी पोती काढून रांधायच्या खोलीत नेते, मग तुम्ही आत या. त्यांनी मान डोलावली. सबलीने कुलूप तोडलं, दार उघडलं, आत मोडका बाक आणि गुंडाळलेले दोन बॅनर. एक दाणा नाही. मग त्या आत आल्या, आणि बाई फडक्यात झाकून न्यायची ते त्यांच्यासाठी दाणे. 

पोरीने मला त्या बाळंतिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "पोते असते तं आमी आत पायच नसता ठेवला. आमच्यानं गावाचं धान्य इटाळलं असतं. पाण्यात बसलो असतो पण गेलो नसतो."

एवढ्यावर सगळं उलटं झालं. पोती बाहेर काढली असती तर शाळेत शंभर डोळ्यांना दिसली असती, आणि आत असती तर त्या शिरल्या नसत्या. त्या बायका खोलीत राहिल्या याचाच अर्थ खोलीत धान्य नव्हतं. दहा साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं असतं तरी माझी इतकी खात्री पटली नसती. अध्यक्षांनी खोटी फिर्याद दिली ती नेमक्या त्या खोलीबद्दल, कारण त्या खोलीत कोण राहिलं याची त्यांना कल्पनाही नव्हती. कल्पना असायला आधी तिथे यावं लागतं.

आणि बाई गप्प का होती तेही कळलं. त्या खोलीची भिंत रांधायच्या खोलीला लागून. पुरात हे उघड झालं असतं तर म्हाताऱ्यांनी तिथलं जेवण टाकलं असतं, काही जण लेकरं घेऊन भर पावसात निघून गेले असते. नंतर उघड झालं असतं तर पंचांनी त्या चौघींना दंड लावला असता. तिने त्यांना शब्द दिला होता. त्या शब्दासाठी ती जेलात जायला तयार झाली होती, बारावीतली लेक घरात ठेवून.

मला जो संताप आला तो शब्दांत सांगता येणार नाही. पण संतापाने तपास होत नसतो. त्या बायकांचे जबाब कागदावर घेतले तर बाईचा शब्द मोडणार, म्हणून ते घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. माल चोरीला कुठे गेला हा प्रश्न सोडून दिला. माल आलाच होता का, हा धरला.

अध्यक्षांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. चहा पाजला. माणूस खुलला.

"साहेब, पोती मी उभा राहून लावून घेतली. ओल लागू नये म्हणून खाली फळ्या टाकल्या. गरिबाच्या तोंडी जाणारं अन्न आहे, काळजी घ्यावी लागते."

"वा. आणि गाडी कुणाची?"

"मंडळाचीच पिकअप."

"ड्रायव्हर तोच का, बाहेर बसलाय तो?"

"तोच. प्रामाणिक पोरगा."

अध्यक्षांना आत बसवून मी बाहेर आलो. ड्रायव्हर तिशीतला, आमच्याच भागातला. त्याला फक्त एवढं म्हटलं, "शाळेचा चढ लय खराब आहे रे. भरल्या गाडीने कसा चढलास?"

तो म्हणाला, "चढली नं साहेब, आरामात."

"गेटातून आत नेलीस?"

"हो. एकदम खोलीच्या दारापाशी."

त्या शाळेच्या मागच्या खोलीपाशी गाडी जातच नाही. मधे पायऱ्या आहेत. माझे शिपाई मेसचा गंज डोक्यावर घेऊन त्याच पायऱ्या चढायचे. मी ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने दोनदा घाम पुसला.

"चाल," मी म्हटलं, "गाडी काढ. दाखव मला कशी नेलीस."

तो एकदम खाली बसला. "साहेब, मी लेकरावाला माणूस हो. मी तं गाडी रपट्याच्या इकडं आणलीच नाई. अध्यक्षसायबाच्या साळ्याच्या राईस मिलीत खाली केली. फोटो पह्यलेच काढले होते, शहरातून निघताना. बॅनर आन कुलूप तेवढं मोटरसायकलीवर पाठवलं. मले म्हणे, पूर आला की कोण पाहाले येते."

कोण पाहायला येतं. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा आतल्या खोलीत अध्यक्ष माझ्या शिपायाला बिस्किटं आणायला सांगत होते.

मिलवर छापा टाकला. मंडळाचा शिक्का असलेली बरीच पोती तशीच होती, ताडपत्र्यांची वेष्टनंही फोडलेली नव्हती. मुद्देमाल जप्त केला. खोलीत बाईने आसरा दिला तो कुणाला, हे दोषारोपपत्रात एका ओळीतही आलं नाही. बाईविरुद्धची फिर्याद खोटी असल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि मंजूर झाला.

अध्यक्षांना अटक करताना ते माझ्यावर ओरडले, "समाजसेवकाला हात लावताय तुम्ही!" मी नोकरीत कधी आरोपीला शिवी दिली नाही. त्या दिवशी जीभ दाताखाली धरली ती रक्त येईपर्यंत.

त्यांना जामीन मिळाला. मिळतोच, कायदा आहे, माझी तक्रार नाही. तालुक्याला त्यांच्या घरी परतले तेव्हा फटाके फुटले. ते सहन केलं.

बाईने काय केलं? पुढच्या ग्रामसभेत उभी राहिली आणि गावापुढे स्वतःच सगळं सांगितलं, त्या चौघींना विचारून. खूप भांडण झालं म्हणतात. एक म्हातारा उठून गेला. शेवटी मागची खोली पुरात त्या बायकांसाठी ठेवायची असं ठरलं. मला हा अर्धाच विजय वाटला. बाई म्हणाली, "अर्धा तं अर्धा साहेब. लेकरू कोरडं राह्यते नं." हे सगळं लिहायची परवानगीही तिनेच दिली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

पुढच्या पावसाळ्याआधी वरून फर्मान आलं. निवारा केंद्रात यापुढे फक्त ओळखपत्र असलेले स्वयंसेवक. गैरप्रकार टाळण्यासाठी. प्रशिक्षण, जाकीट, शिट्टी, आणि त्यासाठी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. बाई ठाण्यात आली, रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर संगणकावरच्या पोराने नाव टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. पडद्यावर आलं: घरफोडी व चोरी, आरोपी.

मी म्हटलं, अहवाल मंजूर झालाय, काढ ते. तो म्हणाला, साहेब, इथून निघत नाही. मी जिल्ह्याला फोन लावला. तिथून सांगितलं, लेखी पाठवा. लेखी पाठवलं. त्रुटी काढून परत आलं. पुन्हा पाठवलं. इकडे तालुक्याला स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम झाला, आणि मंचावरून जाकिटं वाटायला कोण उभं होतं ते वेगळं सांगायला नको. खटला प्रलंबित, म्हणजे ते अजून निर्दोष. त्यांना कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही, कारण ते स्वयंसेवक नव्हते, प्रमुख पाहुणे होते.

बाई पुन्हा ठाण्यात आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. मी तिच्यासमोरच वरिष्ठांशी फोनवर वाद घालत होतो. नोकरीत पहिल्यांदा इतक्या मोठ्याने. वरिष्ठ शांतपणे एकच सांगत होते, "नियम आहे." बाईने काउंटरवरून हात पुढे केला आणि टेबलावर दोनदा टकटक केली.

"साहेब, राहू द्या. टोल्यावरचे लोक निघून राह्यले. मी जातो."

"तुम्हाला केंद्रात पाय ठेवू देणार नाहीत, बाई. तुमच्याकडे कार्ड नाही."

"कोण अडवते?" ती म्हणाली. "कार्डवाले तं रपट्याच्या तिकडं हायेत."

आणि गेली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? पोलीस ठाण्याचा रस्ता ज्याला पाठ असतो तो आधी येऊन फिर्यादी होतो. जो कामात असतो, त्याला आपण आरोपी झालो हे समन्स आल्यावर कळतं. दुसरं असं की खोटा गुन्हा नोंदवायला एका संध्याकाळचं काम असतं, आणि ते काम माझ्या ठाण्यात, माझ्या सहीने झालं.

निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ मिळालं, निष्कलंक सेवेबद्दल भाषणं झाली. बाई अजून प्रत्येक पुरात ते केंद्र चालवते, कार्डाशिवाय. दर वर्षी पावसाच्या आधी मी तिच्या नावापुढची ती नोंद काढण्यासाठी अर्ज करतो. यंदाही केला. तुमचा या प्रकरणाशी संबंध काय, असं विचारणारं पत्र परवाच आलं आहे.